सतरा मिलिमीटर

त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. बायकोही म्हणायची. "आमचे मिलिमीटर बाहेर गेलेत," असं ती फोनवर सांगायची आणि पलीकडच्याला कळायचं. दुसऱ्याच्या घरी बसल्या बसल्या हा माणूस भिंतीवरचं चित्र डावीकडे झुकलंय असं बोलून दाखवायचा, आणि यजमानाने हसण्यावारी नेलं तर स्वतः उठून ते सरळ करायचा. खिशात एकवेळ रुमाल नसेल, पण मोजायचा टेप असायचाच. असल्या माणसांना मित्र कमी असतात, पण काम पडलं की त्यांच्याचकडे जावं लागतं.

काम होतं जुन्या स्पोर्ट्स कार पारखण्याचं. ज्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं काढली तो केव्हाच बंद पडला होता, पण तिथल्या दोन दारांच्या, बुटक्या, लांब नाकाच्या गाड्यांवर जीव टाकणारे लोक अजून होते. कारखाना चालू असताना वीस गिऱ्हाइकांत एखादा वेगाचा शौकीन निघायचा. त्याच्या गाडीला कारखाना वेगळं सस्पेन्शन बसवून द्यायचा: जाड तारेच्या आखूड स्प्रिंगा, कडक शॉकअब्सॉर्बर, आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा जाडजूड दांडा. हे बसवण्याचं टेबल एकच होतं आणि त्या टेबलावर माणूसही एकच, तो म्हणजे मिलिमीटर. पुढे त्या गाड्यांचा भाव वाढला, तशा बाजारात नकला आल्या. साध्या स्प्रिंगा कापून आखूड करायच्या, वर रंगाचे दोन ठिपके द्यायचे आणि कारखान्याचा माल म्हणून खपवायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मिलिमीटर गाडीखाली जायचा, अर्ध्या तासाने बाहेर यायचा आणि पत्र लिहून द्यायचा. त्या पत्रापुढे कुणी वाद घालत नसे.

ही पारख तो भाचीच्या गॅरेजमध्ये करायचा. भाची त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. स्वभावाने फटकळ, हाताने सोन्यासारखी. तिने सोमवारी सकाळी फोन केला.

"मामा, एक गाडी आलीय. विकायची नाहीये. पत्र मात्र हवंय."

"विकायची नाही तर पत्र कशाला?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. मी विचारायला गेले आणि मीच रडवेली झाले."

गाडीची मालकीण दातांची डॉक्टर होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. गाडी गडद हिरवी. टायर सपाट झालेले, काचांवर धुळीचा थर. तेहतीस वर्षं ती एका बंद शेडमध्ये उभी होती.

"माझे बाबा या गाडीत गेले," डॉक्टर म्हणाली. "वळणावर गाडी घसरली आणि मागचं अंग झाडाला टेकलं. गाडीला फारसं खरचटलंही नाही. बाबांची मान मोडली. चौकशीत ठरलं की त्यांनी बाजारातून कापलेल्या स्प्रिंगा आणून बसवल्या होत्या, म्हणून गाडी सुटली. आणि त्यांनी तर आईला शपथेवर सांगितलं होतं. म्हणाले होते, जुनी घेतलीय खरी, पण कारखान्यातून निघाली तशीच आहे, एक वॉशरही बाहेरचा नाही. आईची अट होती ना, वेगाची थेरं करायची नाहीत."

"मग?"

"मग काय. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. त्यांचं नाव घेत नाही. 'तो खोटारडा' म्हणते. फोटो कपाटात उलटा करून ठेवलाय. तिच्याकडे फार दिवस नाहीत, काका. त्याआधी मला कळायला हवं, बाबा खोटं बोलले होते का."

"बोलले असतील तर तसंच लिहीन हं," मिलिमीटर म्हणाला.

"तसंच लिहा."

त्याने दहा पावलांवरून गाडीकडे पाहिलं आणि मनात म्हणाला, कापल्यात. ड्रायव्हरची बाजू खाली बसलेली स्पष्ट दिसत होती. भाचीने टायरमध्ये हवा भरून दिल्यावर त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला, आधी ड्रायव्हरकडे, मग शेजारच्या सीटकडे. सतरा मिलिमीटरचा फरक होता. नव्या नवलाईचे पोरसवदा शौकीन असंच करतात, एक स्प्रिंग जास्त कापतात, एक कमी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण डॉक्टर समोर उभी होती, म्हणून त्याने आकडा नुसता वहीत टिपला. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगून त्याने तिला घरी पाठवलं.

लिफ्टचे हात गाडीखाली गेले. भाचीने बटणाला बोट लावायच्या आत ड्रायव्हरची बाजू आपली आपणच वर आली, अगदी अलगद, आणि शॉकअब्सॉर्बरने लांब श्वास सोडल्यासारखा आवाज केला.

"मामा, मी अजून दाबलं नाही."

"गंज सुटला असेल," मिलिमीटर म्हणाला. गंज असा सुटत नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही, पण दोघांनी कामाला हात घातला.

पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून त्याने टेबलावर ठेवल्या, घासलेटने पुसल्या, आणि मग बराच वेळ तो स्टुलावरून उठलाच नाही. तारेची जाडी साडेतेरा मिलिमीटर. साधी स्प्रिंग साडेबारा असते. वेढे मोजले, बरोबर भरले. तारेचं टोक आतल्या बाजूला वळवून आवळलेलं होतं. स्प्रिंग कापली की पहिलं ते टोक जातं आणि बाजारातल्या कुठल्याही लोहाराला ते पुन्हा तसं वळवता येत नाही. टोकाजवळ ठोकलेला नंबर होता. घाणीखाली दोन ठिपके होते, एक पिवळा, एक निळा, आणि निळा पिवळ्यावर किंचित चढलेला. मिलिमीटर घाईत असला की ब्रश न धुता दुसरा ठिपका द्यायचा. हे त्याच्याच हातचं काम होतं.

दोन्ही स्प्रिंगांची उंची सारखी. दाबयंत्रावर दाबून पाहिल्या, ताकदही सारखी. पुढचा दांडा जाड, कारखान्याचा. मागचंही सगळं जिथल्या तिथे. एक वॉशरही बाहेरचा नव्हता.

"म्हणजे खरं बोलत होते," भाची म्हणाली आणि नाक ओढायला लागली.

"थांब. मग गाडी बसली का?"

सगळं पुन्हा जोडून त्यांनी गाडी खाली घेतली. मिलिमीटरने टेप लावला. दोन्हीकडे सारखं. त्याला हायसं वाटलं. जुना गंज, अडकलेला सांधा, असलं काहीतरी असणार. आकडा लिहायला तो वहीकडे वळला. मागे सीटचं चामडं करकरलं. मग शॉकअब्सॉर्बरचा तोच लांब श्वास. त्याने वळून पुन्हा टेप लावला.

सतरा.

भाची कॉम्प्रेसरपाशी होती, गाडीपासून पंधरा फुटांवर. दार बंद होतं. खिडकीची काच तिने सकाळीच पुसली होती, तिच्यातून आतली रिकामी सीट स्वच्छ दिसत होती. सीटच्या मधोमध चामडं खोलगट झालं होतं.

आता दुसरा कुणी असता तर चप्पल पायात न सरकवताच पळाला असता. मिलिमीटरच्याही पाचावर धारण बसली होती, हे मी लपवून ठेवत नाही. पण त्याच्या भीतीलाही मोजपट्टी होती. मंगळवारी त्याने डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. स्प्रिंगेत दोष असेल तर तो तिच्याबरोबर जायला हवा. गाडी खाली आली, मिनिटभर सरळ राहिली, मग ड्रायव्हरची बाजू बसली. सतरा. पुन्हा वर घेताना ती आधीच हलकी झाली. जो कोणी होता तो शिस्तीचा होता. गाडी उचलायची वेळ आली की उतरायचा, चाकं जमिनीला लागली की थोडा थांबून आत बसायचा.

"मामा, हे मला नको," भाची म्हणाली. "मी गॅरेज चालवते, दुसरं काही नाही. ही गाडी उद्याच्या उद्या घेऊन जायला सांगा."

"उद्याचा दिवस दे. एकच माप राहिलंय."

बुधवारी सकाळी ते माप घ्यायला त्याने भाचीकडच्या जुन्या बॅटऱ्या मागितल्या. एकेक चौदा किलोची. त्या तो एक एक करून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवत गेला आणि दर वेळी टेप लावत गेला. पहिलीला फरक चौदावर आला. दुसरीला दहा. तिसरीला सात, चौथीला साडेतीन. पाचवीला अगदी केसभर उरला. मग त्याने एक किलोचा हातोडा बॅटऱ्यांवर ठेवला आणि गाडी पाण्याच्या रेषेसारखी सरळ झाली.

पाच बॅटऱ्या, एक हातोडा. एकाहत्तर किलो. पलीकडच्या सीटवर तेवढंच होतं.

डॉक्टर दुपारी दवाखाना आटोपून आली. त्याने तिला स्प्रिंगा कारखान्याच्याच आहेत एवढं सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि तोंडावर हात धरून रडली, मोठ्या माणसाला रडायची सवय नसते तशी, अडखळत. भाचीने तिला पाणी दिलं.

"एक विचारू का?" मिलिमीटर म्हणाला. "वडिलांचं वजन किती होतं?"

"वजन?" तिने डोळे पुसले. "चौकशीची फाइल आणलीय. शवविच्छेदनाच्या कागदावर असेल." तिने पानं उलटली. "एकाहत्तर. का?"

"उगाच. फाइल बघू जरा."

फाइल जाड होती. शवविच्छेदन, पंचनामा, रस्ता झाडणाऱ्या एका बाईचा जबाब की वळणावर सकाळपासून तेल सांडलं होतं. त्या जबाबाची कुणी दखल घेतलेली दिसत नव्हती, कारण पुढच्याच पानावर कारखान्याच्या तज्ज्ञाचा अभिप्राय होता. सोबत फोटो. अपघातानंतर दोन दिवसांनी पोलीस चौकीच्या आवारात काढलेला. रिकामी गाडी, आणि ड्रायव्हरची बाजू बसलेली. खाली तीन ओळी टाइप केलेल्या होत्या: गाडी एका अंगाला झुकली आहे, यावरून पुढील स्प्रिंगा कापलेल्या असाव्यात, त्या आमच्या कारखान्याच्या नाहीत. आणि सही.

"ही सही कुणाची, ते आम्हाला कधी कळलंच नाही," डॉक्टर म्हणाली. "वाचता येत नाही."

मिलिमीटरला येत होती.

त्याला तो दिवस आठवला, म्हणजे फारसा आठवला नाही, हीच त्यातली लाज होती. साहेबांच्या खोलीत बोलावलं होतं. समोर चहा आला होता. फोटो दाखवला, काय वाटतं विचारलं, आणि त्याने शितावरून भाताची परीक्षा केली. गाडी झुकलीय म्हणजे कापल्यात. उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांनी टाइप करून आणलं, त्याने सही केली आणि टेबलावर परत गेला. गाडीखाली जाऊन पाहतो, असं म्हणायला हवं होतं. तासाभराच्या अंतरावर होती ती. न मोजता सांगितलेली ती त्याच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट. तो टेप खिशात घेऊन फिरायला लागला तो त्यानंतरच्या वर्षीपासून. का, ते त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

आणि गाडी का झुकली होती? मेलेला माणूस त्याच्या जागेवर येऊन बसला होता म्हणून. खोटं बोललो नाही हे सांगायला तो तिथून हलला नसेल, आणि त्याच्याच वजनाने त्याला खोटं पाडलं होतं.

"काका, पत्र आज मिळेल का?" डॉक्टर म्हणाली. "फक्त आई विचारणार. ती असं सोडत नाही. म्हणेल, मग त्या तज्ज्ञाने तसं का लिहिलं?"

भाची मामाकडे बघत होती. तिने सही ओळखली होती. तिच्या वाढदिवसाच्या प्रत्येक कार्डावर ती असायची. मिलिमीटरने आता ताकास तूर लागू दिली नाही, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. तज्ज्ञ चुकला असेल, एवढं लिहिलं की संपलं. त्याने पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावलं.

"आईंना इथे आणता येईल?" त्याने विचारलं. "त्यांना मीच सांगतो. ही सही माझी आहे."

डॉक्टरने फाइल त्याच्या हातातून काढून घेतली, ओढून नव्हे, पण काढून घेतली, आणि ती निघून गेली. मिलिमीटरला वाटलं, आता ती येत नाही.

ती शुक्रवारी सकाळी आली. चाकाच्या खुर्चीत आई होती. बाई इतकी वाळलेली की खुर्चीच तिला घेऊन आल्यासारखी वाटत होती, पण डोळे लख्ख. तिने आधी गाडी पाहिली, मग मिलिमीटरला.

"हेच का ते?"

"हो, आई."

मिलिमीटरने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्प्रिंगा, ठिपके, फोटो, सही. वजनाचंही सांगितलं. हात जोडायचे की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो टेपच घट्ट धरून राहिला.

"किती वेळ पाहिला होतात तो फोटो?" म्हातारीने विचारलं.

"चहा संपेपर्यंत."

"आणि मी तेहतीस वर्षं त्यांना खोटारडं म्हणत बसले." ती थांबली. "तुम्हाला शिव्या द्यायला मला आता दम नाही. असता तर दिल्या असत्या."

"द्यायलाच हव्या होत्या."

"आता आहेत का ते आत?"

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणा, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. गेले म्हणा, सुटले म्हणा, आईला शांतपणे घरी जाऊ दे. एक शब्द पुरला असता. पण या घराला त्याने असाच एक शब्द न मोजता दिला होता. तो गुडघ्यावर बसला, दोन्हीकडे टेप लावला, आणि आकडा पुन्हा पाहिला.

"सतरा," तो म्हणाला. "आहेत."

म्हातारीचा चेहरा सैलावला. तिला हेच ऐकायचं होतं हे त्या क्षणी तिघांनाही कळलं.

"मग मला शेजारी बसवा."

डॉक्टरने आणि भाचीने तिला उचललं. ओझं असं काही नव्हतंच. "अडतीस किलो," डॉक्टर पुटपुटली, कारण मिलिमीटर विचारेल हे तिला आता ठाऊक होतं. सीटवर बसवून पायांवर शाल टाकली. म्हातारीने हाताने खूण केली, दार लावा. दार लागलं.

अडतीस किलोने जेवढा कमी व्हायला हवा तेवढा फरक कमी झाला, आठावर आला. हिशेब बरोबर होता. भाचीने कॉम्प्रेसर बंद केला. काचेमागे म्हातारीचे ओठ हलायला लागले. ती समोर बघून बोलत होती, मान ताठ, आवाज बाहेर येत नव्हता. मधेच थांबायची, समोरचा उत्तर देईपर्यंत माणूस थांबतो तेवढीच, आणि पुन्हा बोलायची. एकदा तिने बोट उगारून काहीतरी सुनावलं.

मिलिमीटर गुडघ्यावर बसलेलाच होता. आठ. म्हातारी आपल्या जागेवरून तसूभरही हलली नव्हती. सात. सीटचं चामडं करकरलं. पाच. त्याने टेप काढून पुन्हा लावला.

"काय झालं?" डॉक्टरने दबक्या आवाजात विचारलं. "किती आहे?"

"तीन."

"कमी झाला? म्हणजे जातायत का?"

"नाही," मिलिमीटर म्हणाला. "वजन तेवढंच आहे. मधे सरकलंय. तुमच्या आईकडे वाकलेत." त्याने टेप सोडून दिला. "त्यांना कमी ऐकू यायचं का?"

डॉक्टर काचेकडे बघत होती. आतमध्ये म्हातारीने आपलं तोंड हळूच ड्रायव्हरच्या सीटकडे वळवलं होतं.

"डाव्या कानाने," डॉक्टर म्हणाली. "गाडीत आईला नेहमी मोठ्याने बोलावं लागायचं."